पांढरीवरची फक्की

छत्तीस वर्षं मोजणीच्या नोकरीत गेली. कामाला लागलो १९८६ साली. तेव्हा हिंगोली हा जिल्हा नव्हता, परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. १ मे १९९९ रोजी जिल्हा झाला. पुढे हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांची शिवारं पायाखालून गेली. खांद्यावर लोखंडी साखळी घेऊन सुरुवात केली आणि ड्रोनच्या पडद्याकडे बघत निवृत्त झालो. या काळात आकाशातून काढलेल्या फोटोंनी मला पुष्कळ शिकवलं. काही गोष्टी त्या फोटोंत नव्हत्या, म्हणून जमिनीवर जाऊन शिकाव्या लागल्या. दोन्ही लिहून ठेवतो आहे, मोजणीत नव्याने आलेल्या मुलांसाठी आणि ज्यांच्या घरावरून ड्रोन गेला त्या गावकऱ्यांसाठी.

१. सावली आपल्याकडे येईल असा फोटो धरावा

१९८८चा उन्हाळा. औंढ्याच्या विश्रामगृहात एक भूवैज्ञानिक उतरले होते. विहिरी कुठं घ्याव्यात हे ठरवायला आले होते. टेबलावर काळ्या-पांढऱ्या फोटोंची चळत, प्रत्येक फोटो तेवीस सेंटिमीटर चौरस. विमानातून काढलेला फोटो मी त्याआधी हातात धरला नव्हता. एक उचलला, नकाशाच्या सवयीनं उत्तर वर ठेवली आणि गोंधळून गेलो. औंढ्याभोवतीचे डोंगर खड्ड्यांसारखे दिसत होते आणि ओढे डोंगरांच्या माथ्यावरून वाहत होते.

त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला, उलटा फिरवला आणि परत दिला. डोंगर वर आले, ओढे खाली गेले. उजेड समोरून, वरच्या बाजूने येतो असं आपला डोळा धरून चालतो. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस दुपारची सावली उत्तरेला पडते. त्यामुळे उत्तर वर धरली की सावल्या आपल्यापासून दूर जातात आणि उंच-सखल उलटं दिसतं. सावली बघणाऱ्याकडे यायला हवी. आजही कुणी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र दाखवून ‘हा खड्डा बघा’ म्हणालं की मी आधी सावली शोधतो.

मग त्यांनी दोन फोटो शेजारी ठेवले आणि त्यावर चार पायांचा छोटा स्टिरिओस्कोप उभा केला. दोन भिंगांतून खाली बघितलं आणि अंगावर काटा आला. डोंगर कागदातून उठून उभे राहिले होते. नागनाथाच्या देवळाचं शिखर सुईसारखं वर आलं होतं. विमान सरळ रेषेत उडताना एकामागून एक फोटो घेतं आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला साठ टक्के भाग पुन्हा येतो. तोच भाग दोन जागांवरून दिसतो, जसा आपल्या दोन डोळ्यांना दिसतो. त्या फोटोंचं प्रमाण एकास चाळीस हजारांचं होतं. म्हणजे एक डोळा इथं असेल तर दुसरा जवळपास पावणेचार किलोमीटर पुढं. दोन डोळ्यांत एवढं अंतर असल्यामुळे टेकाडसुद्धा कड्यासारखं दिसतं.

ते देहरादूनला शिकलेले होते. १९६६ साली नेदरलँड्सच्या मदतीने तिथं हवाई फोटो वाचायला शिकवणारी संस्था निघाली होती. फोटोवर बोट फिरवत त्यांनी मला काळसर सरळ रेषा दाखवल्या. आपला सगळा दगड काळा पाषाण, त्याच्या पोटात पाणी मुरायला जागा कमी. जिथं तो भेगाळलेला असतो तिथं झाडोरा जरा दाट राहतो आणि वरून ती ओळ दिसते. अशा दोन ओळी जिथं एकमेकींना छेदत होत्या तिथं त्यांनी लाल पेन्सिलीने टिंब केलं. त्या जागेवरून मी दहा वेळा चालत गेलो असेन. मला ती ओळ कधी दिसली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी फोटो मोजून, क्रमांक तपासून पेटीत ठेवले आणि पेटीला कुलूप लावलं. त्या काळी हवाई फोटो संरक्षण खात्याच्या मंजुरीशिवाय हलत नसत. एक फोटो जरी कमी भरला तरी नोकरीवर आलं असतं.

२. फोटो म्हणजे नकाशा नव्हे

हे समजायला मला वेळ लागला आणि गावकऱ्यांना समजावून सांगायला त्याहून जास्त. नकाशा प्रत्येक जागेला अगदी डोक्यावरून बघतो. कॅमेरा मात्र एकाच जागेवरून सगळं बघतो. त्याच्या थेट खाली जे असेल ते सरळ दिसतं. बाकीच्या उंच गोष्टी फोटोच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला कललेल्या दिसतात. जितकं दूर, तितका कल जास्त.

हिशोब करून बघा. ड्रोन जमिनीपासून १२० मीटरवर आहे. त्याच्या खालच्या बिंदूपासून ६० मीटरवर १२ मीटर उंचीचा लिंब आहे. त्या लिंबाचा शेंडा फोटोत खऱ्या जागेपासून साडेसहा मीटरांहून थोडा जास्त बाहेर पडतो, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात. एका गावात असा कच्चा फोटो कुणीतरी मोबाइलवर पसरवला आणि ‘तुझं झाड माझ्या हद्दीत आहे, सरकारी फोटोत आलंय’ म्हणून दोन भावकींत बोलाचाली झाली. मी जाऊन बुंधा दाखवला. बुंधा जिथल्या तिथं होता.

म्हणून फोटो सरळ करून घ्यावे लागतात. शेकडो फोटो एकमेकांवर ७०-८० टक्के चढलेले असतात. त्यांतून संगणक जमिनीची उंची काढतो आणि प्रत्येक ठिपका त्याच्या खऱ्या जागी नेऊन बसवतो. त्या सरळ केलेल्या चित्रावर पट्टी ठेवून अंतर मोजता येतं. कच्च्या फोटोवर मोजू नये, आणि कुणाला मोजूही देऊ नये.

३. आकाशाआधी जमीन

‘आता साखळी नको, रोवर नको, ड्रोन सगळं करतो’ असं भाषणांत ऐकायला मिळतं. ते खरं नाही. ड्रोनचा फोटो कितीही स्वच्छ असला तरी पृथ्वीवर तो नेमका कुठं बसतो हे सांगायला जमिनीवर मोजलेले बिंदू लागतात. शाळेच्या पटांगणात, चावडीपुढं, वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेत आम्ही पांढऱ्या फुल्या करत असू आणि रोवरने, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा सांगणाऱ्या यंत्राने, त्या सेंटिमीटरपर्यंत मोजून घेत असू. मग फोटोतली फुली आणि मोजलेली फुली एकमेकींवर बसवायची.

ही रीत जुनी आहे. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासला त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं आणि कन्याकुमारीकडून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी आणली. ती निजामाच्या मुलखातून वर गेली. लॅम्ब्टन नागपूरकडे जाताना हिंगणघाटला वारले, २० जानेवारी १८२३ रोजी. त्यांची कबर तिथं आहे. हिंगोलीपासून हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. मी एकदा मुद्दाम जाऊन आलो. सत्तरीकडे झुकलेला माणूस कोन मोजायचं अवजड थिओडोलाइट घेऊन, तंबूत राहून, तापाने फणफणत काम करत होता. पुढं जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती साखळी हिमालयाच्या पायथ्याला नेली. १९२४ साली ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाजवळची जंगलं विमानातून फोटो घेऊन मोजली, तेव्हाही ते फोटो असेच जमिनीवरच्या मोजलेल्या बिंदूंना बांधावे लागले. ज्या देशात आधी डोंगरमाथ्यांवर दगड रोवले गेले, तिथंच पुढं हवाई फोटोंचे नकाशे झाले.

४. काळी मोजली, पांढरी राहिली

गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. सारा काळीतून यायचा, म्हणून इंग्रजांनीही आणि निजामानेही मोजली ती काळी. शेताच्या धुऱ्याला नंबर मिळाला, नकाशा मिळाला, आकार मिळाला. पांढरीला एक गोल रेघ मिळाली आणि आत लिहिलं ‘गावठाण’. दोन हजारांवर वस्ती असलेल्या मोठ्या गावांचं गावठाण मोजायची तरतूद होती. लहान गावं तशीच राहिली. आमच्या जिल्ह्यातली बहुतेक गावं लहानच.

जुन्या हवाई फोटोंत हा फरक डोळ्यांना दिसतो. भोवती काळं शिवार आणि मधे राखाडी-पांढरा ठिपका, तो गाव. नकाशातही ती जागा पांढरीच, पण रिकामी म्हणून.

याचा अर्थ माणसाच्या आयुष्यात काय होतो ते मी बघितलं आहे. दोन एकर कोरडवाहूवर बँक पीककर्ज देते, कारण सातबारा आहे. त्याच माणसाचं दगडी बांधणीचं, तीन पिढ्यांचं घर मात्र तारण म्हणून चालत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घरपट्टीसाठी नाव असतं, पण घराची हद्द नेमकी कुठून कुठवर, याचा नकाशा त्यात नाही. भाऊ-भाऊ दहा-दहा वर्षं कोर्टात जातात आणि निकालाला आधार म्हणून पंचांची तोंडी साक्ष.

म्हणून पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला ड्रोनने गावठाण मोजल्याची बातमी आली तेव्हा मी ती कापून ठेवली. २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायतराज दिनी, स्वामित्व योजना जाहीर झाली. उड्डाण आणि फोटो भारतीय सर्वेक्षण विभागाचे, चौकशी आणि अभिलेख राज्याच्या भूमी अभिलेखाचे, माणसं जमवायची ग्रामपंचायतीने. नकाशा एकास पाचशेचा, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे गावातले पाच मीटर. ज्या गावठाणाला नकाशात आजवर एक टिंब मिळत होतं, त्यातलं प्रत्येक घर, प्रत्येक बोळ, प्रत्येक आड आता रेघेत येणार होता. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात हे काम हाताला आलं, यासारखं समाधान मला दुसरं मिळालं नाही.

५. दवंडी देऊन भागत नाही

उड्डाणाच्या आधी प्रत्येकाने आपापल्या जागेच्या कडेने चुन्याची रेघ मारायची असते. क्रिकेटच्या मैदानावर मारतात तीच पांढरी फक्की. वरून ती रेघ स्पष्ट उमटते आणि मग नकाशात हद्द ओढणं सोपं जातं. कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात आम्ही दवंडी दिली, ग्रामसभा घेतली, पोलिस पाटलांना बरोबर घेऊन दिवसभर फक्की मारली. अंधार पडेस्तोवर सगळं गाव पांढऱ्या चौकटींनी आखलं. सकाळी ड्रोन उडायचा होता.

सकाळी जाऊन बघतो तर अर्ध्या गावातल्या रेघा गायब. बायकांनी पहाटे उठून नेहमीसारखं सडा-सारवण केलं होतं. अंगणात पांढरी भुकटी सांडलेली, ती झाडून, वरून शेणाचा सडा. एका आजींना मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, ‘आजी, रेघ कशाला पुसली?’

त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मला कुनी सांगितलं का, बाबा? दवंडी पारावर दिली. मी काय पारावर बसते का?’

मला उत्तर नव्हतं. ग्रामसभेला जमलेली सगळी पुरुषमंडळी होती. पत्रकावर सह्या त्यांच्याच. पण अंगण कुठं संपतं, वळचणीचं पाणी कुठं पडतं, शेजारणीशी तंटा कोणत्या दगडापाशी झाला होता, हे रोज अंगण झाडणाऱ्या बाईइतकं कुणाला माहीत असणार? चूक माझी होती. उड्डाण एक दिवस पुढं ढकललं. त्या दुपारी आम्ही घरोघर गेलो, चुलीपाशी बसलो आणि प्रत्येक घरातल्या बाईला रेघेचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा रेघ मारताना बायकाच पुढं होत्या, आणि तीन ठिकाणी त्यांनी नवऱ्याने आदल्या दिवशी मारलेली रेघ दुरुस्त केली. दोन ठिकाणी ती आत आली, एका ठिकाणी बाहेर गेली.

त्यानंतरच्या प्रत्येक गावात मी आधी बचत गटाच्या बायकांची बैठक घेतली. शेतकरी नेते शरद जोशींच्या लक्ष्मी मुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावलं होतं. पांढरीच्या मिळकत पत्रिकेवरही ते लावायची संधी या मोजणीत आहे, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत राहिलो. किती घरांनी ऐकलं याची मोजदाद ठेवली नाही. ठेवायला हवी होती.

६. माळवदाखाली किती चुली, हे वरून दिसत नाही

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. लाकडी सरे, त्यावर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार आणि रात्री झोपायला प्रशस्त. भावांची घरं एकमेकांना लागून, मधली भिंत सामाईक आणि माती वरून एकसलग. आकाशातून बघितलं तर एक मोठा सपाट चौकोन दिसतो.

सेनगाव तालुक्यात असा एक चौकोन संगणकावर बसलेल्या मुलाने एक मिळकत म्हणून आखला. चित्र बघून त्याने जे केलं ते बरोबरच होतं. जागेवर गेलो तर आत तीन दारं, तीन चुली, तीन भावांचे तीन संसार. वाटणी १९७८ साली झालेली, पंच आता हयात नाहीत. मधल्या भावाची खोली दोन्हीकडून भिंतींनी बंद, तिला फक्त पुढून उजेड. आम्ही आत जाऊन फितीने प्रत्येक खोली मोजली. भिंतीची जाडी दोन फुटांच्या वर होती. सामाईक भिंत कुणाची, या प्रश्नावर पूर्ण दुपार गेली. शेवटी भिंतीचा मध्य धरून रेघ घातली आणि तिघांच्याही सह्या घेतल्या.

पत्र्याच्या घरांची अडचण निराळी. पत्रा भिंतीपासून दीड-दोन फूट बाहेर आलेला असतो. कॅमेऱ्याला पत्र्याची कड दिसते, भिंत दिसत नाही. पत्र्याच्या कडेवरून हद्द धरली तर चार फुटांची बोळ नकाशात नाहीशी होते. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, आणि नाहीशी झालेली बोळ पुन्हा उघडायला किती कागद लागतात तेही.

फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे पाच सेंटिमीटर. एवढी बारीक नजर साखळीला कधी नव्हती. पण छताखालचं विचारूनच घ्यावं लागतं. उड्डाण अर्ध्या-पाऊण तासात संपतं, चौकशीला आठवडे लागतात. या कामाला सगळे ‘ड्रोन मोजणी’ म्हणतात. माझ्या मते ती चौकशीची मोजणी आहे, आणि ज्या गावात चौकशी घाईने झाली तिथं तक्रारी जास्त आल्या.

७. फोटोत घर दिसलं म्हणजे हक्क मिळाला असं नाही

हे सांगताना मला त्रास होतो, तरी सांगायला हवं. गावठाणाच्या रेघेबाहेर गायरानावर वसलेली घरं, डोंगराच्या कडेचे तांडे, आंध आदिवासींच्या वाड्या ड्रोनच्या फोटोत तितक्याच स्पष्ट उमटतात. दार दिसतं, गोठा दिसतो, वाळत घातलेली लुगडी दिसतात. पण योजना वस्तीच्या गावठाणापुरती, म्हणून त्या घरांना सनद, म्हणजे हक्काचा कागद, नाही. एका तांड्यावरच्या तरुणाने विचारलं, ‘साहेब, आमच्यावरून तर दोनदा गेलं ते. आमचं नाव कुठाय?’ त्याला मी नियम समजावून सांगितला. नियम बरोबर सांगितला. त्या रात्री जेवण गेलं नाही. गावठाण वाढवण्याचा आणि अतिक्रमणं नियमित करण्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो लांबचा आहे. तांड्यावरच्या लोकांना हे उड्डाणाच्या आधी सांगावं, फोटो काढून झाल्यावर नव्हे.

८. पोरांना पडदा दाखवावा

ड्रोन उतरला की भोवती शाळेतली पोरं जमतात. त्यांना हाकलू नये. पाच मिनिटं पडदा त्यांच्यापुढं धरावा. आपलं घर त्यांना कुणाच्याही आधी सापडतं आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात मोजणीची खरी माहिती पोचते.

९. हळद वाळत असेल तर विचार करून उडवावं

पावसाळ्यात ढग आणि वारा, म्हणून उड्डाणाला हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात बरी. वेळ दहा ते दोनची, म्हणजे सावल्या आखूड. हे कुठंही लागू पडतं. पण आमच्याकडे त्याच दिवसांत हळद निघते. वसमतची हळद आता भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, पण तिच्यामागं घराघरातला उन्हाळा असतो. फेब्रुवारीपासून कढया पेटतात, हळद शिजते आणि मग अंगणात, खळ्यात, रस्त्याच्या कडेला, पक्क्या घरांच्या गच्चीवर पंधरा-पंधरा दिवस वाळत पडते. वरून बघताना सगळ्या गावावर पिवळे चौकोन टाकल्यासारखे दिसतात. फार सुंदर दिसतं. पण त्याखाली फक्कीची रेघही बुजते आणि अंगणाची कडही. हळद हलवा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. ती त्यांची वर्षाची कमाई. आम्ही अशा घरांची यादी करून हद्दी हाताने मोजल्या आणि फोटोतल्या पिवळ्या चौकोनांवर टीप लिहून ठेवली.

१०. जुन्या कागदाला खोटं म्हणू नये

नव्या मुलांना एक सवय लागते. फोटोतून आलेला आकडा दशांशापर्यंत बरोबर, म्हणून जुना आकडा चूक. तसं नसतं. जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. साधा, पक्का हिशोब. पण लोखंडी कड्या ओढून ओढून झिजायच्या आणि साखळी लांब व्हायची. साखळी दोन इंच वाढली असेल तर कागदावर दहा साखळ्या लिहिलेलं अंतर जमिनीवर वीस इंच जास्त भरतं. धुरा सरकवल्याचा आळ शेजाऱ्यावर घेण्याआधी हा हिशोब करून बघावा.

आमचे कागद निजामाच्या राजवटीतले, बरेचसे उर्दूत. तारखा फसली सनाच्या. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९, हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतरचं वर्ष. सेतवार, १९५४-५५चं खासरा पत्रक, मग सातबारा, अशी ती ओळ. औंढा तालुक्यात एका म्हाताऱ्या मौलवींनी मला खासऱ्यातले शब्द वाचायला शिकवले, मोबदला म्हणून एक कप चहासुद्धा घेतला नाही. त्यांच्यामुळे गावठाणाची जुनी शीव कोणत्या चिंचेपासून कोणत्या बारवेपर्यंत होती ते कळलं. चिंच तोडलेली होती. बारव फोटोत सापडली, गवताने भरलेला अंधारा चौकोन.

टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण विभागाची नकाशापत्रकं, हीही अशीच वाचावीत. हिंगोली शहर ज्यात येतं ते पत्रक ५६ ई/२. मैलाला एक इंचाची जुनी आणि एकास पन्नास हजारांची नंतरची, अशा दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या की गावाबरोबर काय काय बदललं ते दिसतं. शेजारच्या पत्रकांत पूर्णेवर सिद्धेश्वरचा आणि पैनगंगेवर इसापूरचा जलाशय आहे. जुन्या पत्रकात त्या निळ्या जागी गावं, वाटा, विहिरी आहेत. २०२१च्या फेब्रुवारीत नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध मोठ्या प्रमाणात सैल झाले. १९८८ साली कुलपात गेलेल्या फोटोंकडे मी ज्या नजरेने बघितलं होतं, ते आठवून ती बातमी दोनदा वाचली.

११. नकाशा टांगला की तिथं बसून राहावं

पडताळणीची प्रत ग्रामपंचायतीत लावली की काम झालं असं समजून पुढच्या गावाला निघून जाऊ नये. सकाळी जे येतात ते वाचता येणारे आणि ज्यांना उसंत आहे असे. ज्यांना खरंच बघायचं असतं ते दुपारनंतर, रानातलं काम आटोपून येतात, आणि भिंतीवरच्या कागदापुढं एकटे उभे राहतात. कुणी विचारलं नाही तर तसेच परत जातात. हरकतीची मुदत मग कागदावरच संपते.

सडा घालणाऱ्या त्या आजी साडेचारला आल्या. चष्मा नव्हता. ‘वाचून दाखीव,’ म्हणाल्या. मी त्यांच्या घराचा क्रमांक शोधला, लांबी-रुंदी सांगितली. त्यांनी पावलं मोजल्यासारखी बोटं हलवली आणि मान डोलावली. मग म्हणाल्या, ‘चारी अंगाला कोन हाय ते सांग.’ पूर्वेला रस्ता, दक्षिणेला दीर, पश्चिमेला बोळ. उत्तरेचं नाव वाचल्यावर त्यांनी मला थांबवलं. ‘त्यो वारला. घर लेकीच्या नावानं केलंय त्यानं. तिला बोलवा, ती सासरला हाय, वारंग्याला.’ तशी नोंद चौकशीच्या कागदावर घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्या लेकीला निरोप गेला.

आजी तरी हलल्या नाहीत. कागदाच्या अगदी जवळ गेल्या. पडताळणीच्या प्रतीत रेघांमागं ड्रोनचा फोटो असतो. आपल्या चौकोनाच्या आत बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘आन् हे पिवळं काय हाय?’

त्यांच्याच अंगणातली हळद होती. सांगितल्यावर त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘दोन दिस आधी काढला आसता तर निम्मीच दिसली आसती. तवा शिजवायची राह्यली व्हती.’